बोंबलाला चालणारी लाल वाईन

हेमाताई मेहेर. माझ्या हातून आजवर जे काही धड झालं असेल, त्याच्या मुळाशी हे नाव आहे. म्हणून ते आधी लिहितो. बाकीचं मग आठवेल तसं.

काल बहाडोलीहून जांभळांचा पहिला टेम्पो आला. पालघरजवळच्या माहीममधल्या आमच्या वायनरीच्या फाटकातून तो आत शिरायच्या आधी त्याचा वास शिरला. पिकलं जांभूळ आंब्यासारखं गल्लीभर ओरडत नाही. पण पाट्यांवर पाट्या रचलेल्या असल्या, वर पळसाची पानं झाकलेली असली आणि खाली टेम्पोच्या पत्र्यावर जांभळा ओघळ सुकत आला असला, की एक दबका, गोडसर, किंचित तुरट वास सुटतो. टाक्यांवर काम करणाऱ्या दिनेशने खांद्यावरची पाटी उतरवली, त्यातली दोन जांभळं तोंडात टाकली आणि जांभळी जीभ बाहेर काढून मला दाखवली. "साहेब, सीझन चालू!"

दरवर्षी हा हंगाम येतो आणि दरवर्षी मला त्याच एका वर्षात नेऊन सोडतो. ते जांभळांचं वर्ष, आणि जांभळांच्या पाठोपाठ आलेला तो श्रावण.

आमच्या घरात नाकाचं शिक्षण लवकर सुरू झालं, पण भलत्याच शाळेत. बोईसरजवळच्या सालवडला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वारा एमआयडीसीकडून सुटला की आई खिडकी लावून घ्यायची आणि आम्ही भावंडं वासावरून खेळ खेळायचो, आज कोणत्या कारखान्याची पाळी म्हणून. आमचे वडील, आप्पा, पोटासाठी खानदेशातल्या अमळनेरकडून इकडे आलेले. रंगाच्या कारखान्यात होते. त्यांची नखं बघितली की कळायचं, या आठवड्यात निळा चालू आहे की नारिंगी. गळ्यात तुळशीची माळ. घरात मासा नाही, अंडं नाही, आणि दारू हा शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारायचा. दहावीच्या पुढे माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. मी पालघरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा ते नाव घरात कोणाच्या जिभेवर बसेना. आई शेजारणींना सांगायची, "तो जंतूंचं शिकतो."

हेमाताई त्याच कॉलेजात माझ्या पुढे होत्या. वडराईच्या मच्छीमार घरातली मुलगी, तिच्या पाड्यातली पहिली पदवीधर. प्रॅक्टिकलला माझी काचपट्टी नेहमी धुरकट यायची, तेव्हा त्या मागून म्हणायच्या, "घाबरतोस कशाला? जंतू तुला बघत नाहीत, तू त्यांना बघायचंस." पदवी मिळाल्यावर मी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासायला लागलो. काम वाईट नव्हतं. फक्त शिफ्ट संपल्यावर कितीही साबण लावला तरी हाताचा वास जायचा नाही. अशाच एका दुपारी बोईसरच्या बाजारात हेमाताई समोर आल्या. हातात कोथिंबिरीची जुडी.

"यीस्ट अजून ओळखता येतं का रे, का तेही सांडपाण्यात सोडून दिलंस?"

त्या माहीमच्या वायनरीत केमिस्ट होत्या आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी हो म्हणालो, पण घरी कसं सांगायचं ते सुचेना. शेवटी त्या स्वतःच सालवडला आल्या. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसले.

"म्हणजे दारूचा कारखाना."

"वाईनचा, काका."

"तेच ते."

"काका, सोनार काय सगळे दागिने स्वतःच घालून हिंडतो? याला प्यायची नाहीये. ओळखायची आहे."

"म्हणजे चाखायची आणि थुंकायची?"

"हो."

"रोज?"

"रोज."

आप्पांनी गळ्यातली माळ सारखी केली. मग म्हणाले, "थुंकायला आमची काही हरकत नाही."

वायनरी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं तसं आमच्याकडे काही नाही. मालक राऊतकाका, त्यांच्या नारळ-चिकूच्या वाडीत मागच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड, आत स्टीलच्या टाक्या. शेडच्या एका अंगाला पानवेलींचा मांडव, दुसऱ्या अंगाला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे वारा फिरला की सुकत घातलेल्या मासळीचा वास. या शेडमध्ये माझं नाक पुन्हा नव्याने शाळेत बसलं. वाईनच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असायचं की हिच्यात ब्लॅकबेरीचा सुवास आहे, तिच्यात देवदाराच्या लाकडाचा. ब्लॅकबेरी मी बघितली नव्हती, हेमाताईंनीही नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. "जे बघितलंय ते हुंग," म्हणाल्या. मग आमची आमची नावं ठरली. करवंद. फोडलेली मिरी. कात. ओलं सुंभ. आताच खुडलेलं विड्याचं पान. पाणी शिंपडलेली चुलीतली राख. एका सकाळी त्यांनी ग्लास माझ्या नाकाखाली धरला आणि मी न थांबता म्हणालो, "जुन्या पाटीवरचं सुकलेलं जांभूळ." त्या इतक्या खूश झाल्या की दिनेशला हाक मारून त्याच्यासमोर मला ते पुन्हा म्हणायला लावलं. कारखान्यात मेलेलं माझं नाक जिवंत झालं होतं.

जांभळाची वाईन करणं हे तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्यासारखं आहे. जोर लावायचा आणि जोर लावायचाही नाही. फळं निवडून धुवायची. मग रबरी रुळांमधून काढायची, अशी की गर फुटेल पण बी फुटणार नाही. बी चिरडली तर तिचा कडवटपणा शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. कोमट पाण्यात यीस्ट जागं करायचं, त्याला फेस आला की लगद्यात सोडायचं. एका दिवसात लगदा बोलायला लागतो. टाकीला कान लावला तर आत पावसाळी ओढ्यासारखी बारीक चुळबुळ ऐकू येते. साखर खाऊन यीस्ट दारू आणि वायू करत असतं. तो वायू सालींना वर ढकलतो आणि वर जाड जांभळी साय धरते. ती दांड्याने खाली दाबायची, पुन्हा वर आली की पुन्हा दाबायची, नाहीतर सुकते आणि आंबते. रंग सालीत असतो, तुरटपणाही सालीतच. म्हणून साली किती वेळ ठेवायच्या, इथे खरा निर्णय असतो. मग तोटी उघडायची. आपसूक खाली येतो तो पहिला निथळ, मऊ आणि स्वच्छ. उरलेला चोथा यंत्रात दाबला की निघतो तो दुसरा, गडद, रागीट. मी त्या दिवसांत घरी गेलो की आई माझ्या हातांकडे बघून हसायची. आप्पांची नखं आता निवृत्त होऊन पांढरी झाली होती, आणि माझी जांभळी.

द्राक्षं त्याआधीच, होळीच्या सुमाराला, दिंडोरीकडून घाट उतरून आली होती. त्यांच्या दोन जातींच्या दोन वायनी तयार होत्या. एक कॅबरने, जी आम्ही लाकडी पिंपात मुरवली होती आणि जिच्यावर माझा जीव होता. दुसरी झिनफँडेल. दिनेशने त्यांना नावं ठेवली होती. कॅबरने म्हणजे सासरा. ताठ, भारदस्त, तो आला की खोलीतले सगळे सरळ बसतात. झिनफँडेल म्हणजे मावशी. लाल गालांची, गोड बोलणारी. आणि जांभूळ म्हणजे भाचा; तोंडाळ, आणि जिथे जाईल तिथे डाग पाडून येणारा. या तिघांना एका घरात सुखाने नांदवायचं, हे माझं काम होतं. हेमाताईंनी ते माझ्याकडे सोपवलं होतं. मिश्रण माझं, पहिल्या थेंबापासून.

राऊतकाकांना काय हवं होतं ते त्यांनी एकदाच सांगितलं. वाडीत शहाळं फोडता फोडता म्हणाले, "मला पेग मारनाऱ्यांसाटी नको, आनि काटेचमचेवाल्यांसाटीबी नको. आपला केळव्या-माहीमचा मानूस, बोईसरचा फिटर, पहिल्यांदा ग्लास हातात धरील. त्याला दम देनार नाय अशी लाल पायजे."

आणि नाही जमली तर काय, तेही सांगून टाकलं. बाहेरची एक मोठी कंपनी आमच्या लाल वाईनच्या सगळ्या टाक्या घाऊक घ्यायला तयार होती. श्रावण संपला की त्यांचा टँकर येणार. आमची वाईन त्यांच्या कुठल्याशा वाईनमध्ये जाणार, नाव त्यांचं लागणार, आणि राऊतकाका लाल वाईन कायमची बंद करून चिकूच्या सरबताकडे वळणार. म्हणजे बहाडोलीचा टेम्पो पुन्हा येणार नाही आणि मी पुन्हा सांडपाण्यावर. काका हे रागाने म्हणाले नव्हते. शहाळं माझ्या हातात देत म्हणाले होते. त्यामुळे ते जास्त लागलं.

मी कामाला लागलो. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत असायचा, आत मोजपात्रांची रांग. थोडी मावशी, थोडा सासरा, थेंबभर भाचा. हलवायचं, हुंगायचं, चाखायचं, थुंकायचं, लिहायचं. कॅबरने वाढवली की वाईनला कणा यायचा, त्यामुळे माझा हात तिच्याकडेच जायचा. मला वाटायचं, गंभीर दिसली पाहिजे. लहान गावातल्या मुलाला इंग्रजी बोलताना वाटतं तसं काहीतरी. जांभळाचा दाबून काढलेला रसही मी घातला, रंगासाठी. उजेडात ग्लास धरला की देवघरातल्या माणकासारखी दिसायची ती.

श्रावणातल्या एका सकाळी चाखणी ठरली. राऊतकाका श्रावण कडक पाळतात. मासळी नाही, घोट नाही. ते दारात अडखळले.

"गिळली नाय म्हंजे श्रावन मोडला नाय. बरोबर ना?"

राऊतकाकू मागून म्हणाल्या, "मोडला का नाय ते वरचा ठरवील. तुमी बादलीत नीट थुंका. फरशी मला पुसायला लागते."

काकूंनी वालाचं बिरडं आणि भाकरी आणली होती. काका, दिनेश, हिशेब बघणारे सावेकाका, सगळे श्रावणवाले. मी तर बाराही महिने श्रावणवाला. घोट, घास, घोट, बादली. वालाच्या गोडसर बिरड्याबरोबर माझी वाईन अशी काही बसली की सावेकाका बादलीकडे जायचं विसरले आणि मग "शिव शिव" म्हणत कानाला हात लावू लागले. दिनेश म्हणाला, "सासऱ्याने मान डोलवली, साहेब!" राऊतकाका माझ्या पाठीवर थाप मारून गेले. "जमली रे. श्रावन संपला की जेवनाबरोबर गिळून बघतो, आनि मग टँकरवाल्याला नाय म्हनतो."

हेमाताई ग्लास हातात धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझं अभिनंदन केलं, पण त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. मग म्हणाल्या, "नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी घरी ये. एक बाटली भरून आण."

वडराईला मी गेलो तेव्हा पौर्णिमेचा थाट अजून उतरला नव्हता. नव्या रंगाच्या होड्या, शिडांवर झेंडूच्या माळा, वाळूत नारळाच्या शेंड्या. पावसाळ्याची बंदी उठली होती. होड्या निघाल्या होत्या, पण परतल्या नव्हत्या. घरात ताजी मासळी नव्हती. हेमाताईंच्या आईने, जानकीकाकींनी, निखाऱ्यावर सुका बोंबील भाजला होता आणि लाल तिखटात परतला होता. मला वेगळ्या ताटात नारळीभात.

"काकी, तुम्ही श्रावण नाही पाळत?"

"दर्या आमचा देव, तोच खायला देते. त्यानी दिलेला नाय कसा म्हनायचा?"

त्यांनी आधी नुसता घोट घेतला. "अरे, चांगली हाय की! जांभलासारी लागते." मी मनात टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी भाकरीत बोंबील धरला, घास खाल्ला, पुन्हा घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा आक्रसला. माणूस आंबट खाऊन आक्रसतो तसा नाही. दार उघडल्यावर भलताच माणूस उभा दिसावा तसा.

"काय झालं?"

"तोंडात खिला ठेवल्यावानी लागते रे. गंजलेला." त्या पाण्याचा तांब्या शोधायला लागल्या. "नुसती पी तं रानी हाय. बोंबलावर नाय चालत."

हेमाताईंनीही एक घास खाल्ला, एक घोट घेतला, आणि माझ्याकडे बघून सावकाश मान हलवली.

परत जाताना त्या किनाऱ्याने माझ्याबरोबर चालत आल्या. मी विचारलं, "असं का?" त्या म्हणाल्या, "तुरटपणा, आणि वाईनमधलं जरासं लोह. माशाच्या तेलाला भिडलं की असला वास उठतो. कॅबरने आहे, शिवाय तू जांभळाचा दाबलेला रस घातलास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती. पण मी सांगितलं असतं तर 'ताई म्हणतात' म्हणून बदललं असतंस. तुझी आहे ती. तुझ्यासमोर घडायला हवं होतं."

मला हसू आलं आणि रडूही. केळव्या-माहीमच्या माणसासाठी वाईन करायची, आणि ती चाखली कोणी? श्रावणात, वालाबरोबर, एका माळकऱ्याच्या मुलाने! जगाच्या पाठीवर ही चूक फक्त आमच्या शेडमध्ये होऊ शकत होती. श्रावण संपल्यावर राऊतकाका पहिल्याच दिवशी मासळीवर बसणार, हे तर सगळ्या माहीमला माहीत होतं. तेव्हा त्यांच्या तोंडात खिळा आला की टँकर आलाच.

मग हेमाताईंनी दुसरी गोष्ट सांगितली. रत्नागिरीला काजूबोंडांच्या वाईनचं एक नवं काम त्यांना मिळालं होतं. पुढच्या आठवड्यात जायचं होतं.

"मग हे?" मी विचारलं.

"हे तुझं. काय होईल ते मला लिहून कळव. फोनवर तू नुसता हो-हो करतोस. लिहिताना खरं बोलतोस."

कुठल्याही मिश्रणाचा विचार करताना आजही मला ती ओली वाळू आठवते. मागे कोळणी मोठमोठ्याने हसत होत्या, आणि समुद्र नुसता राखाडी पसरला होता. तिथे उभं राहून मला कळलं की मला येत असलेल्या सगळ्या गोष्टी या कामाला पुरणार नाहीत. आम्लता मोजता येते, साखर मोजता येते. पण ज्या घासाबरोबर ही वाईन प्यायली जाणार तो घास मी आयुष्यात घेणार नव्हतो. आप्पांनी मला कधी बंदी केली नव्हती. तो माझाच स्वभाव होऊन गेला होता. मग उरला एकच मार्ग. दुसऱ्याच्या जिभेवर विश्वास टाकायचा, पूर्ण.

शेडमधल्या जिभा श्रावणात अडकलेल्या. म्हणून मी लहान बाटल्या पिशवीत घालून दुपारच्या वेळी स्कूटरवर वडराईला जायला लागलो. जानकीकाकींचं अंगण माझी प्रयोगशाळा झालं. त्या जाळं विणत बसलेल्या असायच्या, मला बघून आत हाक द्यायच्या, "खानदेश आला गो, बोंबील काड!" शेजारणी यायच्या. एखादी विचारायची, "आज सासरा हाय का गेला?" दिनेशची नावं तिथवर पोचली होती.

मी दाबलेला रस काढून टाकला आणि जांभळाचा नुसता पहिला निथळ ठेवला. कॅबरने निम्मी केली. काकींनी घास खाल्ला, घोट घेतला.

"आज खिला नाय," त्या म्हणाल्या. मी उडी मारायच्या बेतात होतो. "पन टाचनी हाय."

ती टाचणी काढणं मला सगळ्यात जड गेलं. कारण ती कुठे आहे हे मला माहीत होतं. पिंपात मुरलेली ती कॅबरने माझ्या सगळ्या शिकण्याचा पुरावा होती. तिच्याशिवाय माझी वाईन साधी दिसेल, कोणीही करू शकेल अशी, अशी भीती वाटायची. एका सकाळी मी तिच्याशिवाय मिश्रण केलं. मावशी भरपूर, भाचा बेताने, आणि थंड केलेलं. उजेडात धरलं तर आरपार दिसत होतं. माणिक गेलं होतं, कोकमाचं सार उरलं होतं. नाकात करवंद, मागे मिरीचा एखादा दाणा. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आधी वाईट वाटलं. मग पिशवीत घालून घेऊन गेलो.

तोपर्यंत होड्या परतायला लागल्या होत्या. त्या दिवशी काकींकडे सुका बोंबीलही होता आणि ताजा तळलेलाही. दोन्हींबरोबर त्यांनी घोट घेतले. पुन्हा घास खाल्ला.

"टाचणी?" मी विचारलं.

"कसली?" त्या म्हणाल्या, आणि शेजारणीच्या हातातला ग्लास काढून घेतला. "माजा संपला. तुजा दे."

सोपी वाईन करणं सोपं नसतं, हे मी त्या अंगणात शिकलो. जड वाईन आपल्याविषयी बोलते. ही जेवणाविषयी बोलत होती. आता दर वर्षी नवीन मुलं येतात शिकायला, आणि त्यांचाही हात आधी कॅबरनेकडे जातो. मी अडवत नाही. त्यांना वडराईला घेऊन जातो.

पण तेव्हा खरी परीक्षा बाकी होती. श्रावण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी राऊतकाकांकडे दुपारचं जेवण ठरलं. टँकरवाल्याचा फोन सकाळीच येऊन गेला होता. ड्रायव्हर निघायच्या तयारीत होता. त्या जेवणाचं मी वेगळं काही लिहीत नाही. त्याच संध्याकाळी हेमाताईंना जे पत्र पाठवलं, तेच इथे उतरवतो.

प्रिय हेमाताई,

तुम्ही लिहून कळव म्हणाला होतात. घाईत लिहितोय, अक्षर समजून घ्या.

काका जेवायला बसले. सावेकाका, दिनेश, मी, सगळे त्यांच्या ताटाकडे बघत. काकूंनी सरंग्याचं कालवण केलं होतं आणि बोंबील तळले होते. काका आधी नुसतं कालवण-भात खात सुटले. महिनाभराची भूक हो. ग्लासाकडे बघेनात. काकू म्हणाल्या, "अहो, ती पोरं बसलीत जीव मुठीत धरून. घोट घ्या आदी." काका म्हणाले, "आदी मासा. महिनाभर तो थांबला, वाईन दोन मिन्टं थांबंल."

मग बोंबील खाल्ला आणि घोट घेतला. मी डोळे मिटले. खरं सांगतो, ताई, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही. कानावर फक्त कुरकुरीत बोंबील मोडल्याचा आवाज आला. म्हणजे दुसरा घास. मग पुन्हा ग्लास ठेवल्याचा आवाज. मग तिसरा. डोळे उघडले तर ग्लास रिकामा होता आणि काका तो काकूंपुढे धरून बसले होते, पोरांनी ताक मागावं तसे.

काकूंनी पदराआड एक घोट घेऊन बघितला. म्हणाल्या, "कोकमाच्या साराला बहीन आली गो." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घेतली. दम दिला नाही तिने त्यांना.

तेवढ्यात टँकरवाल्याचा फोन वाजला. काकांनी डाव्या हाताने उचलला, तोंडात घास तसाच. म्हणाले, "अरे भाई, टँकर मत भेजो. क्यों मतलब? देने को है किधर? हमको ही कम पड़ेगा!" आणि फोन ठेवून काटा काढायला लागले. दिनेशने मला उचललं, ताई. अक्षरशः उचललं, माझी चप्पल कालवणाच्या पातेल्याजवळ पडली आणि काकूंनी आम्हां दोघांना झोडपलं.

जांभूळ पुढच्या वर्षीही घ्यायचं ठरलंय. काका उद्या स्वतः बहाडोलीला सांगायला जाणार आहेत. जानकीकाकींना मी येता येता वडराईला थांबून सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग? मी काय खोटा बोलते?" मग जाळं बाजूला ठेवून डोळे पुसले. तुमची आठवण काढली.

घरी सांगितलं आणि आप्पा थोड्या वेळाने दिसले नाहीत. आई म्हणाली, पेढे आणायला गेलेत. सगळ्या चाळीला वाटले. कशाचे म्हणून विचारलं की सांगत होते, मुलाचा प्रयोग यशस्वी झाला.

पहिल्या बाटल्या भरल्या की तुमच्या वेगळ्या काढून ठेवतो, पण पाठवणार नाही. तुम्ही इकडे यायचं. तुमच्या घरी, काकींच्या हातचं जेवण, आणि तुमचा ग्लास मी भरणार. मी मासा खाल्लेला नाही आणि खाईन असं वाटत नाही. त्याची आता खंत उरली नाही. तुम्ही जेवा, मी समोर बसून बघेन. मला तेवढ्यावरून कळतं.

तुमचा,
योगेश